आसगावचा एकुलता ईमेल

प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला की सरांचा चेहरा पडायचा. इतर मास्तरांना पोरांचं उत्तर बरोबर आलं की बरं वाटतं. आमच्या सरांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. "चालला?" असं ते विचारायचे आणि आवाजात खरोखरची चिंता असायची. मग चष्मा कपाळावर चढवून ते खुर्चीमागे येऊन उभे राहत, "सरक बाई जराशी" म्हणत, आणि उजव्या हाताचं कोपर थेट कीबोर्डवर टेकवत. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिखल व्हायचा.

"हा तुहा पहिला गिऱ्हाईक," सर म्हणायचे. "आता याले सांभाळ."

प्रोग्रॅम कोसळला की त्यांची कळी खुलायची. शर्टाच्या खिशातून बडीशेपेची पुडी निघायची, चिमूटभर स्वतःच्या तोंडात जायची आणि चिमूटभर ज्याचा प्रोग्रॅम कोसळला त्याच्या तळहातावर. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला इतकी बडीशेप आली की आई एकदा म्हणाली, "तू क्लासले जातेस का हॉटेलात?"

क्लास पवनीत, सरांच्याच घराच्या माडीवर होता. खाली दोन हातमाग होते, त्यावर सरांचे मोठे भाऊ बसायचे. जिन्याच्या पायऱ्या चढताना मागाची खटखट पायाखालून ऐकू यायची आणि वर पोचलो की ती खटखट कीबोर्डांच्या टकटकीत मिसळून जायची. वर मोजकेच कॉम्प्युटर होते, त्यातला एक कायम आजारी. त्याला सर 'आजोबा' म्हणत आणि नवीन पोराला मुद्दाम त्याच्यासमोर बसवत. "आजोबासंग ज्याचं जमलं त्याचं कुठीबी जमते," असं त्यांचं म्हणणं. मी आजोबांसमोर पूर्ण पावसाळा काढला.

सर आधी नागपूरला कुठल्याशा कंपनीत होते. चांगली नोकरी सोडून ते पवनीला का परत आले, हे गावाला कधी कळलं नाही, कारण ते प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. कोणाला म्हणायचे, तिथलं पाणी मानवलं नाही. कोणाला म्हणायचे, तिथं लिफ्ट होती आणि मले पायऱ्या चढाची सवय. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं सगळं चालत होतं बाई. करमेच ना."

सरांना अर्धवट म्हणणारे गावात बरेच होते आणि त्यात वहिनींचा नंबर पहिला. वहिनी म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. चहा घेऊन वर आल्या की आमच्यासमोरच गाऱ्हाणं मांडायच्या. "यायले म्हणा, दुकानातून साखर घेऊन या. तं विचारतेत, साखर नसली तं काय आणू? दुकान बंद असलं तं काय करू? दुकानदार झोपला असन तं उठवू का नोको उठवू? इतक्यात मी जाऊन येते नं बाप्पा!" सर शांतपणे चहा फुंकत म्हणायचे, "पाहा पोट्टेहो, इले बिघाड सांभाळता येत नाही." वहिनी ट्रे आपटून खाली जायच्या.

वीज गेली की मात्र खरा क्लास सुरू व्हायचा. इतर क्लासवाले लाइट गेले की पोरांना घरी सोडायचे. सर खिडक्या उघडायचे आणि आम्हालाच कॉम्प्युटर करायचे. ऑब्जेक्ट, म्हणजे स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवणारी प्रोग्रॅममधली चीज, आम्हाला त्यांनी अशीच शिकवली. मधोमध एक खुर्ची ठेवायची, तिच्यावर एकाला बसवायचं. तो ऑब्जेक्ट. त्याच्या पर्समध्ये किंवा खिशात चिठ्ठ्या: नाव, गाव, जन्मतारीख, ईमेल. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. तो वाटलं तर सांगेल, नाहीतर नाही. एकच कडक नियम होता: त्याच्या खिशात हात घालायचा नाही.

खुर्चीवर बहुतेक वेळा वनिता असायची. ती आसगावची, रोज बसने यायची. बोलायला कमी, पण विचारलेलं नेमकं सांगायची, त्यामुळे ऑब्जेक्ट म्हणून ती सरांची लाडकी. एकदा बाजारातल्या कापडवाल्याच्या पोरानं कंटाळून तिच्या पर्समधून सरळ चिठ्ठीच ओढली, तर सर "चोर! चोर!" असे काही ओरडले की खालून मोठे भाऊ हातात मागाचं लाकूड घेऊन धावत वर आले. चोर म्हणजे कापडवाल्या शेटजींचा मुलगा, हे पाहून ते काही न बोलता परत गेले. पण खासगी म्हणजे काय हे आम्हाला जे त्या दिवशी समजलं ते आजवर विसरलेलो नाही.

मग आला ईमेलचा धडा. सांगायला अगदी बाळबोध आहे. प्रोग्रॅममध्ये विद्यार्थी नावाचा 'क्लास', म्हणजे माहितीचा साचा, बनवायचा, त्यात नाव, गाव, ईमेल ठेवायचं. पण कोणी ईमेल दिला की तो तसाच आत घ्यायचा नाही, आधी तपासायचा. पत्त्यात 'ॲट'ची खूण आहे का, तिच्या आधी काही लिहिलंय का, नंतर टिंब आहे का, मधे मोकळी जागा तर नाही. बरोबर असेल तर आत घ्या, नसेल तर दारातून परत. जगात प्रोग्रॅमिंग शिकणारं प्रत्येक पोर हा धडा करतं आणि एका दुपारी संपवतं. आमच्याकडे तो पावसाळ्यात सुरू झाला आणि धान कापणीला आलं तरी चालू होता.

मी तेव्हा फार शहाणी होते. सगळ्यांपेक्षा कडक तपासणी आपली असावी म्हणून मी एक जास्तीची अट घातली: पत्त्याचा शेवट 'डॉट कॉम'च पाहिजे. मी तोवर दुसऱ्या शेवटाचा पत्ता पाहिलेलाच नव्हता. सरांना अभिमानानं बोलावलं. त्यांनी कोपर काढलं नाही, बसून सावकाश स्वतःचा पत्ता टाइप केला. तो 'डॉट इन'वर संपत होता. पडद्यावर आलं: पत्ता चुकीचा आहे.

सर उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरायला लागले.

"कुठी चालले जी सर?"

"तुह्या प्रोग्रॅमनं मले हाकललं. आता इथं थांबून काय करू?"

आम्हाला वाटलं गंमत आहे. पण सर खरंच खाली जाऊन ओट्यावर बसले. भर दुपार, अंगावर ऊन. वहिनींनी आत बोलावलं तर म्हणाले, "मले वर चालत नाही म्हणतेत." येणारे जाणारे विचारायला लागले. अख्खा क्लास माझ्याभोवती जमला, मी घाम पुसत ती अट काढली, पुन्हा सगळं तपासलं, आणि मग मला स्वतः खाली जाऊन म्हणावं लागलं, "या जी सर, आता चालते तुमचा पत्ता."

वर येऊन ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चुकीचा माणूस आत आला तं त्याले नंतर बाहेर काढता येते बाई. पण बरोबर माणूस दारातून वापस गेला, तं तो सांगाले बी येत नाही. तुले कसं मालूम पडन?" नंतर त्यांनी मला बडीशेप दिली, मूठभर.

आता मी मोठ्या शहरात, काचेच्या इमारतीत हेच काम करते. आमच्याकडे तपासण्या करणारी वेगळी टीम आहे. एखादा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला की सगळे टाळ्या वाजवतात, आणि मला कोणाचं तरी कोपर आठवतं. सरांनी क्लास बंद करून बरीच वर्षं झाली. माडीवर आता मोबाइलची कव्हरं विकायला असतात. सर खालच्या मागावर बसतात, भावाच्या जागी. गेल्या खेपेला भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण पहिला प्रश्न केला, "काय चालू आहे?" आणि मी "सगळं चांगलं चालू आहे" म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. मला हसू आलं. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही आणि आता भेटेल असं वाटत नाही.

वनिताचं सांगायचं राहिलं.

तिनं नागपूरच्या एका कंपनीत प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. तिथं वर्षभर शिकवत आणि जमलं तर तिथंच कामावर घेत. कंपनीचं नाव सरांनीच सुचवलेलं. घरी एकोडी गावच्या पाहुण्यांकडून लग्नाची मागणी आली होती, मुलगा शेती सांभाळणारा, माणसं चांगली. वनिताच्या बाबांनी मार्ग काढला होता. "दिवाळीपर्यंत नागपूरचं बोलावणं आलं तं खुशाल जा. नाही आलं तं मी एकोडीले होकार देतो. मंग रडाचं नाही." वनितानं ते मान्य केलं होतं. माणूस शब्दाचा पक्का, हे तिला माहीत होतं.

दसऱ्यापासून ती रोज सरांना विचारायची, "बोलावणं येते का जी?" सर म्हणायचे, "लायक असशील तं येते. तू आहेस." पोस्टमन आला नाही, फोन वाजला नाही. दिवाळी आली आणि गेली. क्लास पुन्हा सुरू झाला त्या दिवशी वनिता नेहमीच्या बसने आली, जागेवर बसली आणि मला हळूच म्हणाली, "बाबा काल एकोडीले जाऊन आले. होकार देल्ला." मी काहीतरी बोलणार होते, पण ती कॉम्प्युटर सुरू करून टाइप करायला लागली. ते सरांच्या कानावर गेलं असावं. ते त्या दिवशी कोणावरच ओरडले नाहीत, आणि हे आम्हाला जास्त जड गेलं.

बहुधा काहीतरी करायचं म्हणून त्यांनी सांगितलं, "आज खरे पत्ते टाका. एबीसी अन् एक्सवायझेड आता पुरे झाले. खोट्या माणसायवर किती दिवस प्रोग्रॅम चालवता?"

मी पूर्ण बॅचचे पत्ते विचारून माझ्या प्रोग्रॅममध्ये भरले. एकही परत गेला नाही. सगळ्यांपुढे हिरव्या अक्षरांत 'बरोबर'. सर आले, चष्मा कपाळावर गेला, कोपर खाली यायला लागलं आणि मधेच थांबलं.

"हे काय होय?"

"सगळे बरोबर आहेत जी."

"बरोबर तं आहेत. पण या आसगावच्या साऱ्या पोट्ट्यायचा पत्ता एकच कसा?"

मी पाहिलं तर खरंच. आसगावहून येणारी वनिता आणि तिच्यासोबतची पोरं, नावं वेगळी, पुढं तंतोतंत तोच ईमेल. माझ्या प्रोग्रॅमनं प्रत्येक वेळी ॲट पाहिली, टिंब पाहिलं आणि खुशाल आत घेतलं होतं.

वनिता म्हणाली, "आसगावचा तोच आहे जी सर." गावात एकच विहीर असावी तशा सहजतेनं.

"आसगावचा म्हणजे?"

"विलासभाऊचा. गावात सगळ्यायचे फारम तेच भरतेत. मंग ईमेलच्या जागी त्यायचाच टाकतेत."

विलासभाऊचं आसगावच्या चौकात ऑनलाइनचं दुकान होतं. झेरॉक्स, फोटो, दाखले, परीक्षांचे अर्ज. त्याच जागी पूर्वी त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि तेव्हा निम्म्या गावाची पत्रं 'द्वारा' म्हणून त्या दुकानाच्या पत्त्यावर यायची. पोस्टमन गठ्ठा तिथं टाकायचा, म्हातारा गल्ल्यावर बसल्या बसल्या ज्याचं त्याला हाक मारून द्यायचा. बापानं गावाला पत्ता दिला, तसा मुलानं ईमेल दिला. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणापर्यंत वाटलं नसतं.

"अन् त्याच्यावर तुहं काही आलं, तं?" सरांनी विचारलं.

"भाऊ सांगन नं."

"सांगतलं का कधी?"

आसगावची बाकीची पोरं एकमेकांकडे पाहायला लागली.

"नागपूरच्या अर्जावर बी हाच टाकला होता?"

"हो जी." आणि हे म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

सरांनी क्लास भर दुपारी, लाइट असताना सोडला. असं आधी कधी झालं नव्हतं. आम्ही दोघी बसने निघालो, सर स्कूटरवर. स्कूटर जुनी, वाटेत बंद पडणारी, म्हणून ते आमच्यानंतर पोचले. बसमध्ये वनिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाहेर शेतांच्या बांध्यांमधे कापलेलं धान पसरलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "नसन आलं तं बरं होईन." मला तिचं म्हणणं कळलं.

विलासभाऊ आम्हाला पाहून खूश झाला. सरांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. ईमेल उघडून दाखवा म्हटल्यावर लगेच उघडला, लपवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतंच. पडदा खाली खाली जात राहिला आणि ठळक अक्षरांतल्या, कधीच न उघडलेल्या ओळी संपेनात.

"हे वाचत नाहीस का तू?"

"ओटीपी आला का पाहतो नं जी. सगळ्यात वरचा तोच असते. खालचे कायले पाहू?"

सरांनी वनिताचं नाव शोधायला लावलं. अर्ज मिळाल्याची पोच निघाली आणि तिच्या वर आणखी एक. सरांनी ती उघडली, पण वाचली नाही. पडदा वनिताकडे फिरवला.

"तू वाच. तुहं आहे."

तिनं वाचलं. तिची निवड झाली होती. येत्या सोमवारी नागपूरला हजर राहायचं होतं. ते बोलावणं दसऱ्याच्या आधीच येऊन पडलं होतं.

विलासभाऊ स्टुलावर बसला. "माह्या बापाच्या हातून एक पत्र हरपलं नाही जी," तो म्हणाला. "मी तं लोकायच्या भल्यासाठीच…" मला वाटलं आता सर ओरडणार. पण ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुले कोण काय म्हणते? पत्र पडलं का लोकायले दिसते. हे पडलं तं दिसत बी नाही अन् आवाज बी येत नाही. एवढंच झालं. आता हे कागदावर काढून दे."

वनिताचे बाबा खळ्यावर होते. धानाच्या पेंढ्या रचलेल्या पुंजण्याला पाठ टेकून बसले होते, कापणी अर्धी झाली होती. आम्हाला असं दुपारचं एकत्र आलेलं पाहून ते उभे राहिले. सरांनी नमस्कार केला आणि वनिताला कागद वाचायला सांगितला. ती वाचत असताना तिची आईही विळा हातात घेऊन जवळ आली.

"हे आलं कधी?" बाबांनी विचारलं.

"दसऱ्याच्या आधी," सर म्हणाले. "विलासच्या ईमेलवर पडून होतं. कोणाले दिसलं नाही भाऊ."

बाबा पुन्हा खाली बसले. गवताची एक काडी हातात घेऊन तिचे तुकडे करत राहिले. मी वनिताकडे पाहायची हिंमत केली नाही.

"मी इले शब्द देल्ला होता," शेवटी ते म्हणाले, "बोलावणं आलं तं पाठवीन म्हणून. बोलावणं टायमात आलं होतं. एकोडीचा शब्द त्याच्या नंतरचा आहे."

"पण लोकं काय म्हणतीन?" आई म्हणाली.

"मले म्हणतीन. मी ऐकून घेतो."

वनिता तिथंच मातीत बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. आईनं विळा खाली ठेवला. सर दुसरीकडे पाहत खिशात बडीशेपेची पुडी चाचपत होते, काढावी की नाही ते त्यांना कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "बरं भाऊ, चहा घेऊन निघतो मी."

"चहा मंग घ्या सर," बाबा म्हणाले. "त्या विलासच्या डब्यात अजून कोणाकोणाच्या लेकरायचं काय काय पडून आहे, ते आधी पाहा."

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी एकोडीला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी घरातही सांगितलं नाही. सोमवारी वनिता नागपूरला हजर होती. आजही ती तिथंच कामाला आहे आणि वर्षातून एकदा आम्ही भेटतो. पण खळ्यावरून परतल्यावर त्या संध्याकाळी चौकात जे झालं त्याबद्दल आम्ही दोघी सहसा बोलत नाही.

सर विलासच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. आत विलासभाऊ एकेक ठळक ओळ उघडायचा, माणसाचं काही असलं की कागद काढून मला द्यायचा, मी तो सरांच्या हातात द्यायची आणि सर नाव घेऊन हाक मारायचे. आधी चौकातली माणसं जमली, मग शेतावरून परतणारी. कोणाला परीक्षेचं प्रवेशपत्र, परीक्षा होऊन गेलेली. कोणाला दाखल्यातली चूक दुरुस्त करा म्हणून सूचना. एका आजोबांना कुठल्याशा दुकानानं वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्यांनी त्या दोनदा विचारून खात्री केली आणि कागद घडी करून टोपीत ठेवला. लोक हसले. काही हाकांना उत्तर दुसऱ्यानंच दिलं: "तो पुण्याले गेला जी, कंपनीत", "ते घर सोडून गेले". सर ते कागद बाजूला ठेवत होते आणि पुढची हाक मारत होते. आवाज बसत चालला होता, पण पाणी दिलं तरी घेत नव्हते.

"प्रतिभा," सरांनी हाक मारली.

गर्दीच्या मागून एका बाईचा आवाज आला, "ओ, मी आहे जी." लोकांनी वाट करून दिली. कडेवर मूल असलेली एक तरुण बाई पुढं आली. दिवाळीला माहेरी आलेली होती, अंगावर नवी साडी होती.

सरांनी कागदाकडे पाहिलं, तारीख वाचली आणि कागद खाली केला.

"हे जुनं आहे बाई. राहू दे."

"किती जुनं?"

"तुह्या लग्नाच्या आधीचं असन."

"माहंच आहे नं?"

"हो."

"मंग वाचा नं जी."

सरांनी वाचलं. भंडाऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजचं होतं. नाव, अर्जाचा क्रमांक, आपली निवड झाली आहे, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. शेवटची ओळ ते गाळतील असं मला वाटलं, पण त्यांनी तीही वाचली: दिलेल्या तारखेस हजर न राहिल्यास जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल. दारात विलासभाऊ उभा होता, त्यानं मान खाली घातली होती.

ती बाई सरांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. कडेवरचं मूल तिच्या बांगड्यांशी खेळत होतं.

"म्हणजे माहा नंबर लागला होता," ती म्हणाली.

"हो बाई. लागला होता."

तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अजून एक बार वाचा नं जी," ती म्हणाली. "सगळं वाचा."

आणि सरांनी तो कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून, तिच्या नावापासून, वाचायला सुरुवात केली.